टाईल नकाशाचा वेगळा संपादक शिकणे वाया जात नाही

छोटी छोटी चित्रे, म्हणजे टाईल्स, फरशीसारखी जोडून गेमचा नकाशा तयार करतात. घरच्या घरी व्हिडिओ गेम करणाऱ्या आमच्या जळगाव-भुसावळकडच्या मुलांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे : 'गोडॉट, युनिटीमध्ये नकाशा काढायची सोय असताना टाईल्ड किंवा एलडीटीके शिकू नका. इंजिनमधले काम टिकते, बाहेरची फाईल आत आणणे कटकटीचे असते आणि नवख्याला ते झेपत नाही.' गोडॉट, युनिटी ही अख्खा गेम बनवायची सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिने; टाईल्ड आणि एलडीटीके हे फक्त नकाशा काढायचे वेगळे संपादक.

टिकण्याचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. गोडॉटने २०२४ मध्ये ४.३ आवृत्तीत जुना टाईलमॅप नोड (नकाशा ठेवणारा घटक) कालबाह्य ठरवून नकाशाच्या प्रत्येक थरासाठी वेगळा नोड आणला; जुने प्रकल्प उघडतात, पण पुढचे काम नव्या पद्धतीनेच करावे लागते. टाईल्डची नकाशाची टीएमएक्स फाईल मात्र साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते, आणि इंजिन बदलले तरी नकाशा आपल्या हातात राहतो.

कटकटीचा मुद्दा अर्धा खरा आहे. फेजर हे ब्राउझरमधल्या गेमचे साधन टाईल्डमधून जेसन या मजकुरी स्वरूपात काढलेला नकाशा थेट वाचते, गोडॉटला मात्र प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, लागते. मी रावेरच्या केळीबागेवरचा गेम करताना फाईल वाचणारा कोड स्वतः लिहिला. ठिबकच्या नळीच्या वळणाची एकच टाईल होती, म्हणून दुसऱ्या बाजूच्या वळणासाठी तीच आडवी उलटवली, आणि गेम चालू होताच बंद पडू लागला. फाईल उघडून पाहिली, तर त्या टाईलच्या ७ या क्रमांकाच्या जागी २१४७४८३६५५ हा आकडा! टाईल्ड उलटवल्याची खूण त्याच ३२ बिटांच्या (० किंवा १ च्या ३२ घरांच्या) आकड्यातल्या सर्वांत वरच्या बिटात ठेवतो. ती बाजूला काढली की खाली ७ उरतो. दोन ओळींत काम झाले, आणि माझा नकाशा आत कसा साठवला जातो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळले.

नवख्याला झेपत नाही, हे म्हणणे तर एलडीटीके उघडूनही न पाहता केलेले आहे. 'डेड सेल्स' या गेमच्या रचनेत प्रमुख वाटा असलेल्या सेबास्तियाँ बेनार यांनी तो केला असून तो मोफत आहे. त्यात आधी फक्त १ म्हणजे माती, २ म्हणजे पाणी असे आकडे रंगवायचे. 'पाण्याच्या वर माती असेल तर काठाची टाईल लाव' असे नियम एकदा लिहिले की तापीचे पात्र कितीही वळवा, काठ आपोआप बसत जातो. दहावीतला मुलगाही ते एका दुपारी शिकतो.

गेम लहान असेल आणि इंजिन कधीच बदलायचे नसेल, तर इंजिनमधलाच संपादक वापरावा, यात वाद नाही. बाहेरचा निवडायचा झाल्यास वरून दिसणारे शेत किंवा बाजूने दिसणारी उड्या मारायची पातळी एलडीटीकेत लवकर होते. तिरकस, शंकरपाळ्याच्या आकाराच्या घरांचा किंवा षट्कोनी नकाशा हवा असेल तर टाईल्डच घ्यावा लागतो, कारण एलडीटीकेची जाळी सरळ चौकोनीच असते.