आयडनची भट्टी आणि आमचा रस्सा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मटणावरून जे पेटलं, ते चार दिवस विझलं नाही. नागपूरच्या दाजींनी सावजी मटणाचा फोटो टाकला होता, वर काळपट तर्रीचा जाड थर. त्यावर कोल्हापूरच्या मामानं लिहिलं, ‘ह्यात मटण कुठाय? नुसता मसालाच खाताय काय?’ दाजींचं उत्तर आलं की पांढरा रस्सा आमच्याकडे आजाऱ्याला देतात. मग दोन्हीकडची पोरं उतरली. शेवटी ताईनं सगळ्यांना दम दिला तेव्हा कुठं शांत झालं. ऑस्टिनमध्ये बसून हे वाचताना मामाच्या बाजूनं लिहायला माझे हात शिवशिवत होते. पण लिहिलं नाही, कारण त्याच आठवड्यात मी नॉर्थ कॅरोलायनातल्या आयडन गावाहून, तिथलं भाजलेलं डुक्कर खाऊन परतलो होतो.

मी कोल्हापूरचा, पण टेक्सासमध्ये अकरा वर्षं झाली. आईला दिलेल्या शब्दामुळे इथलं ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, खात नाही, पण पोर्क रिब्ज, डुकराच्या बरगड्या, अगदी इथल्यासारख्या खायला शिकलो. मीठ, मिरपूड आणि ओकच्या लाकडाचा धूर, एवढंच. मांसावर काळी, खरपूस साल धरली पाहिजे आणि सॉस लागता कामा नये. वजनावर घ्यायचं आणि कागदावरच खायचं. एकोणिसाव्या शतकात इथं आलेल्या जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून ही पद्धत आली. न खपलेलं मांस ते धुरावर टिकवत. टेक्सासमधल्याच लॉकहार्ट गावातलं असं एक दुकान, क्रॉइझ मार्केट, 1900 पासून चालू आहे. हे सगळं मी पाहुण्यांना इतक्यांदा सांगितलंय, की बार्बेक्यू म्हणजे हेच, असं मनात पक्कं बसलं होतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात कामाला गेलो होतो. एक दुपार मोकळी मिळाली, म्हणून गाडी काढून आयडनला गेलो. तिथलं ‘स्कायलाइट इन’ पीट जोन्स यांनी 1947 मध्ये सुरू केलं. छोटीशी इमारत, पण छपरावर वॉशिंग्टनमधल्या संसद भवनासारखा घुमट. आत शिरलो आणि आधी आवाज ऐकू आला. समोरच्या लाकडी ठोकळ्यावर एक माणूस दोन्ही हातांत सुरे घेऊन मांस बारीक करत होता, ठकठक, ठकठक, एका लयीत. रात्रभर निखाऱ्यांवर भाजलेलं अख्खं डुक्कर: खांदा, मांडी, पोट सगळं एकत्र, आणि कुरकुरीत कातडीही त्यातच ठेचलेली. वरून व्हिनेगर, मीठ, तिखट. कागदी ट्रेमध्ये मांस, त्यावर कॉर्नब्रेडचा चपटा, घट्ट तुकडा, त्यावर कोबीचं सलाड. बस.

पहिल्या घासाला मी काळी साल शोधत होतो. ती नव्हती. हाडही नव्हतं. आंबट लागलं आणि मनात आलं, ‘ह्यात धूर कुठाय?’ मामाचंच वाक्य, फक्त मटणाच्या जागी धूर. चौथ्या-पाचव्या घासाला जीभ ताळ्यावर आली. मऊ मांसात मध्येच कातडीचा कुरकुरीत कण लागायचा, आणि चरबी जड व्हायच्या आत व्हिनेगर ती कापून काढायचं. धूर होता, पण मागे, हलका. मडगावच्या मित्राच्या घरी नाताळात खाल्लेलं सोरपोतेल, डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, आठवलं. तिथंही माडाच्या व्हिनेगरचं काम हेच.

अख्खं डुक्करच का, तर त्या भागात डुकरं रानात मोकळी चरायची, पाळायला सोपी पडायची. आणि जत्रा, लग्न, निवडणूक असली की गाव जेवायचं, तेव्हा एक खांदा पुरायचा कसा? रात्र रात्र निखाऱ्यांच्या खड्ड्याशी जागून ही कला घडवली ती मुख्यतः गुलामीतल्या काळ्या आचाऱ्यांनी, आणि हे सांगितल्याशिवाय त्या ट्रेविषयी बोलणं अर्धवट आहे. त्याच राज्यात पश्चिमेला लेक्सिंग्टनला गेलं की फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरात केचप घालतात. पूर्वेच्या लोकांना ते केचप खपत नाही.

आमच्या घरच्या भांडणाचं मला वाईट वाटतं ते इथं. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची चव. मागावरच्या घरात शिजलेल्या त्या रश्शाला ‘मटण कुठाय’ विचारणं म्हणजे आयडनमध्ये काळी साल मागणं. आणि पांढरा रस्सा आजाऱ्याचा म्हणणाऱ्या दाजींना कुणी सांगितलेलं नाही की तांबडा आणि पांढरा दोन्ही एकाच अळणी पाण्यातून, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यातून निघतात. एकात कांदा-लसूण चटणी पडते, दुसऱ्यात नारळाचं दूध आणि खसखस.

भांडू नये असं मी म्हणत नाही. पण नॉर्थ कॅरोलायनात पूर्व-पश्चिम दोन्हीकडची माणसं एका गोष्टीवर एकत्र आलीत: गॅसवर नाही, लाकडावरच भाजायचं. फक्त लाकडावर किंवा निखाऱ्यांवर भाजणाऱ्या ठिकाणांना मान्यता देणारी मोहीमच तिथं उभी आहे. आपल्याकडं मामा आणि दाजी एकमेकांवर तुटून पडतात, आणि तिकडं हायवेवरच्या प्रत्येक हॉटेलात सकाळी एक लाल ग्रेव्ही पातेलंभर तयार होते. दुपारी तीच ‘कोल्हापुरी’, संध्याकाळी जास्त तिखट घातलं की ‘सावजी’. व्हेज कोल्हापुरी नावाचं जे देशभर विकलं जातं, ते माझ्या आजीच्या चुलीवर मी कधी पाहिलेलं नाही. खोबरं भाजून पाट्यावर वाटणारे हात दोन्ही घरांत कमी होत चाललेत. मामाचा राग तिकडं वळला पाहिजे, आणि दाजींचाही.

डिसेंबरात सुट्टी आहे. या वेळी मुंबईत उतरून आधी नागपूरला जाणार. दाजींनी इतवारीतली एक खानावळ ठरवून ठेवलीय. मामालाही ये म्हटलंय, तिकीट मी काढतो म्हणून. तो अजून हो म्हणालेला नाही, पण परवा फोनवर विचारत होता, तिथं भाकरी ज्वारीचीच असते ना?