एकतीस हर्ट्झचे दुखणे

परभणीत पाच तारांचा बास गिटार बाळगणाऱ्याला ‘हा वाजवायला कसा आहे’ असे कोणी विचारत नाही. ‘हा वाजतो का’ असे विचारतात, आणि प्रश्न अगदीच अनाठायी नसल्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागतो. चार तारांच्या बासची सर्वांत खालची तार ई या सुरात लावतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ कंपने. पाचवी तार तिच्याही खाली, बी या सुरात असते आणि तिची कंपने ३०.८७ भरतात. माणसाचा कान २० कंपनांपासून पुढे ऐकतो असे शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते, परंतु ती कानाची हद्द आहे, वस्ती नव्हे. एकतीसच्या आसपास कान जवळपास बहिराच असतो आणि तिथला आवाज त्याच्यापर्यंत पोचवायचा तर दणकून पोचवावा लागतो.

माझ्याकडचा बास मार्कस मिलर यांच्या नावाचा आहे. मिलर हे ब्रुकलिनमध्ये १९५९ साली जन्मलेले आणि १९८० च्या दशकात जाझचे ट्रम्पेटवादक मायल्स डेव्हिस यांच्यासोबत काम केलेले मोठे बासवादक; अंगठ्याने तारेवर टोला हाणायचा आणि लगेच बोटाने दुसरी तार ओढून सोडायची, ही जी ‘स्लॅप’ नावाची पद्धत आहे, तिच्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे. गंमत अशी, की त्यांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसत आलेला त्यांचा आवडता बास फेंडर कंपनीचा १९७७ सालचा जाझ बास आहे आणि त्याला तारा चारच आहेत. त्यांच्या नावाचा बास घेणाऱ्याला मात्र चार तारांचा हवा की पाच, असा पर्याय मिळतो. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षीसुद्धा मराठवाड्यातला माणूस असा पर्याय दिल्यावर कमी तारांचा घेऊन घरी येईल, हे संभवत नाही.

वाद्यावर दुसऱ्याचे नाव ही गोष्ट घरात पटवून देणे फार कठीण गेले. आमच्याकडे आहेरात आलेल्या प्रत्येक पातेल्यावर देणाऱ्याचे नाव घातलेले असते, आणि ते नाव वाचूनच पुढच्या लग्नात त्याला परत काय द्यायचे हे ठरते. आत्याने चष्मा लावून बासच्या डोक्यावरची अक्षरे माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारले, “कोण दिलं रे हे आहेरात? आपल्यात मिलर कोण हाय?” हे देणाऱ्याचे नाव नव्हे, हे गृहस्थ हा बास फार उत्तम वाजवतात म्हणून त्यांचे नाव घातले आहे, असे मी समजावून सांगितले. “मग त्यायनंच वाजवावं की,” असे म्हणून आत्या भाजी निवडायला बसली. या युक्तिवादाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

वाद्य म्हणून विचाराल तर बास उत्तम आहे, हे आधी नोंदवून ठेवतो. चार तारांच्या जाझ बासची मान नटपाशी, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथे, सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असते. पाचवी तार आली की मान आणखी रुंदावते आणि डाव्या हाताच्या करंगळीला आपण आजवर नोकरी न करता पगार घेत होतो याची जाणीव होते. तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे चार तारांच्या बासएवढीच. काही कारागीर बी तार ताणून नीट बसावी म्हणून पाच तारांच्या बासला ३५ इंच देतात, परंतु माझ्या बासची बी तार ३४ इंचांवरही ढिली वाजत नाही, भरीव वाजते. उजव्या हाताची मात्र नवी तालीम करावी लागते. आपण वाजवत नसतो तेव्हाही ही जाड तार शेजारच्या तारांच्या कंपनांनी आपली आपण घुमू लागते, म्हणून अंगठा सतत तिच्यावर टेकवून तिला गप्प ठेवावे लागते. पाचवी तार घेतल्यानंतर माझा बराचसा वेळ ती वाजू नये यासाठीच गेलेला आहे.

वास्तविक पाचवी तार खाली जाण्याआधी वर गेली होती. फेंडरने १९६५ साली पाच तारांचा पहिला बास काढला, तेव्हा जास्तीची तार वरच्या सी सुराची होती. ती फारशी कोणाला नको होती आणि काही वर्षांत तो बास बंद झाला. खालची तार मात्र टिकली, आणि तिचा उपयोग काय हे आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गायकांना पाहून मला पुरते समजले. आमचे मुख्य गायक काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून, गातात. काळी दोनचा खालचा षड्ज चार तारांच्या बासवर ई तारेच्या अगदी अर्ध्या सुराने खाली राहतो, म्हणजे दारापर्यंत जाऊन घरात जाता येत नाही. पाच तारांच्या बासवर तोच षड्ज बी तारेच्या चौथ्या पडद्यावर ऐटीत बसलेला असतो. कार्यक्रमाच्या आधी गायकांनी आइस्क्रीम खाल्लेले असले तर ते ऐन वेळी “आज जरा बसलाय, एक सूर उतरवा” म्हणतात. तेव्हा काळी दोनची काळी एक होते आणि मी निमूटपणे चौथ्यावरून दुसऱ्या पडद्यावर येतो. इतके सगळे सोयीचे झाल्यावर तो सूर ऐकू यावा एवढीच एक अपेक्षा उरते.

ती पुरी होण्यातली पहिली अडचण म्हणजे कीबोर्ड मास्तरांचा डावा हात. मराठवाड्यातल्या लहानमोठ्या ऑर्केस्ट्रांत बास हे वाद्य नसते असे नाही. ते कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात असते. उजवा हात बासरी, व्हायोलिन, सॅक्सोफोन अशा भूमिका पार पाडत असताना डावा हात खालच्या अडीच सप्तकांत बास पुरवतो, आणि या दोन हातांना मिळून एकच मानधन असते, ही संयोजकांच्या दृष्टीने त्यातली सर्वांत मधुर बाब. अशा ठिकाणी मी बास घेऊन उभा राहिलो, की एका चांगल्या चाललेल्या हाताच्या पोटावर पाय येतो. मास्तर स्वभावाने सज्जन आहेत. “तुम्ही वाजवा की, मी कुठं नको म्हणायलोय,” असे ते पहिल्याच तालमीत म्हणाले. “फक्त माझा डावा हात आपोआप जातो, त्याला मी काय करणार?” तो आपोआप गेला आणि खालच्या पट्ट्यात दोन बास एकमेकांच्या अंगावर पडून असा चिखल झाला, की ढोलकीवाल्याला स्वतःची धुम ऐकू येईना. दोघांपैकी कमी कोणाला करायचे, हे ठरवताना साउंडवाल्याने फार विचार केला नाही. ज्याच्याजवळ एकच वाद्य निघते त्याचा आवाज त्याने उतरवला. पट्टी बदलायची झाली तर मास्तर ट्रान्सपोजचे एक बटण दाबतात आणि पुन्हा त्याच पट्ट्यांवर तीच बोटे फिरवतात. मी सबंध हात सरकवत असतो आणि ते माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहत असतात.

दुसरी अडचण स्पीकरची. तालमीच्या जागी जो अँप आहे त्यात आठ इंची स्पीकर असून, ३१ कंपने हा विषय त्याच्या अभ्यासक्रमात नाही. तो खालचा मूळ सूर गाळून ६२, ९३ अशी त्याच्या वरची कंपने तेवढी देतो. विज्ञान असे सांगते, की वरची कंपने ऐकली की मेंदू गाळलेला मूळ सूर स्वतःच भरून घेतो, आणि म्हणूनच छोट्या रेडिओवरही आपल्याला बासची चाल समजते. हे खरे असले तरी त्यासाठी ऐकणाऱ्याला मुळात ऐकण्याची इच्छा असावी लागते. “काय वाजवायलास, मला तर काहीच ऐकू येईना गेलंय,” असे ढोलकीवाला म्हणतो तेव्हा त्याच्या मेंदूने भरणा करायला साफ नकार दिलेला असतो.

याउलट जे ऐकू येऊ नये ते स्वच्छ ऐकू येते. जाझ पद्धतीच्या बासमध्ये दोन पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेत उतरवणारी चुंबके, असतात. दोन्ही सारखे उघडे असले तर त्यांची घरघर एकमेकांना खोडून काढते, आणि मिलर यांच्यासारखा आवाज काढण्याच्या मोहाने मागचा एकटाच उघडला की विजेची ५० कंपनांची घरघर मोकळी सुटते. ४९ कंपनांना जी हा सूर येतो. म्हणजे आमच्याकडची वीज दिवसरात्र जी वाजवते, परंतु पाव सुरापेक्षा थोडा कमी चढा वाजवते, आणि जीवर थांबणाऱ्या प्रत्येक गाण्यात शेवटच्या सुराशी भांडत राहते. बासच्या अंगावर खर्ज, मध्य आणि तीव्र आवाज कमीजास्त करण्याची बटणे आहेत; त्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते आणि केबल काढायची राहिली तर ती न वाजवताही उतरत राहते. आमच्या भागात ही बॅटरी कीर्तनकारांच्या कॉर्डलेस माइकमुळे मिळते, त्यामुळे सप्ताहाच्या दिवसांत दुकानदार मला सरळ नाही म्हणतो. एका छोट्या खटक्याने बॅटरीविनाही बास चालवता येतो; सप्ताहात मी तसाच चालवतो.

एप्रिल लागला, की हवेतली ओल संपते, लाकूड आक्रसते आणि धातूचे पडदे होते तेवढेच राहून त्यांची टोके मानेच्या कडेने बाहेर डोकावू लागतात. हात वरून खाली सरकवला की करवतीवरून सरकवल्यासारखे वाटते. मान मागे वाकल्यामुळे तारा पडद्यांना लागून खरखरतात आणि मानेतल्या लोखंडी सळईला किल्लीने थोडे सैल करावे लागते. जून-जुलैत पाऊस पडला की पुन्हा आवळावे लागते. गावात हे काम करणारा कोणी नसल्यामुळे ती किल्ली माझ्या खिशातच असते, आणि सायकलवाला ती अधूनमधून मागून नेतो.

या सगळ्याचे सार्थक व्हावे असा योग भीमजयंतीच्या कार्यक्रमात आला. मैदानात खरे अठरा इंची सब, म्हणजे फक्त खालचे सूर देणारे स्पीकर, लावलेले होते, कीबोर्ड मास्तरांच्या डाव्या हाताला सनई आणि उजव्याला आणखी काहीतरी सांभाळायचे होते, आणि साउंडवाला चहाला गेला होता. संथ लयीच्या गाण्यात एका ठिकाणी मोकळा बी येत होता. तो मी सोडला आणि पायाखालच्या फळ्या थरथरल्या. समोरच्या हजारभर माणसांपैकी एकानेही मान वळवली नाही. परंतु इतक्या खालचा आवाज समोरच जातो असे नाही, तो स्टेजच्या मागेही तितकाच पसरतो, आणि मागे डिझेल जनरेटरपाशी त्याचा मालक बसलेला होता. जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. त्या माणसाचे सगळे आयुष्य याच सुरांच्या संगतीत गेलेले. पंचवीसच्या शेजारी एकदम एकतीस ऐकू आल्याबरोबर तो दचकून उठला आणि “फेरे वाढायलेत, फेरे वाढायलेत!” असे ओरडत त्याने फेरे आवरणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू पिळायला घेतला. स्टेजवरचे दिवे किंचित मंद झाले, विजेची घरघर हळूहळू खाली उतरली आणि उतरत उतरत नेमकी माझ्या जीवर येऊन थांबली.

“आता बरं वाटायलंय का?” त्याने खालून विचारले. पुढचे गाणे जीवरच संपणारे होते, म्हणून मी त्याला हातानेच खूण केली, की आता स्क्रूला हात लावू नका.