‘पुळका’ म्हणालात म्हणून

विनायकराव, आर्थर रोड तुरुंगातल्या कोविडच्या दिवसांवर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपण म्हणता, “तुम्हाला कैद्यांचा पुळका आलाय. आदेशाची तारीखही चुकलीय. मोक्का, यूएपीएसारख्या विशेष कायद्यांखालचे कैदी कोविडकाळातल्या तात्पुरत्या सुटकेतून वगळणं उच्च न्यायालयाने वैध ठरवलं, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. आणि या लोकांनी ज्यांची घरं उद्ध्वस्त केली, त्यांचं काय?”

तारखेची चूक मान्य. तुरुंगांतल्या कोविडच्या धोक्याची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली १६ मार्च २०२० ला; कोणत्या कैद्यांना तात्पुरतं सोडता येईल हे ठरवायला राज्यांनी उच्चाधिकार समित्या नेमाव्यात हा आदेश २३ मार्चचा. दुरुस्ती केली आहे. आभार.

पण पुळका? माझे वडील ३१ वर्षं तुरुंग खात्यात शिपाई होते. आम्ही भावंडं भिंतीलगतच्या क्वार्टरमध्ये वाढलो. बराकीत खरजेची साथ आली की आई त्यांचा गणवेश वेगळ्या पातेल्यात उकळायची आणि अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडू द्यायची नाही. वडील सांगायचे, “सगळे एका कुशीवर झोपतात. एकाला वळायचं तर अख्खी रांग वळते.” ही कोविडच्या कितीतरी आधीची गोष्ट. २०२० साली ८०४ जणांची क्षमता असलेल्या आर्थर रोडमध्ये अडीच हजारांहून जास्त माणसं कोंडलेली होती. अंतर ठेवा म्हणून तिथे कोणी कोणाला सांगायचं? मे महिन्यात शंभरावर कैद्यांना लागण झाली आणि शिपायांनाही झाली. त्या शिपायांनाही बायकामुलं होती. त्यांच्याबद्दल वाटतं तोही पुळकाच का?

आणि त्यातले बहुतेक कच्चे कैदी, गुन्हा शाबीत व्हायचा बाकी. तळोजा तुरुंगातले असेच एक कच्चे कैदी, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी. त्यांचा हात पार्किन्सनने इतका थरथरायचा की पेला धरवत नसे. साध्या स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते गेले तेव्हा जामिनाची सुनावणी सुरूच होती. हे लिहिताना माझा आवाज चढला असेल, तर चढू दे.

विशेष कायद्यांखालचे कैदी वगळणारं वर्गीकरण वैध ठरलं, हे मला ठाऊक आहे. निकाल मलाही वाचता येतात. माझा लेख त्यावर नव्हता. पीडित कुटुंबांवर लिहायचं तर तो स्वतंत्र लेख होईल. माझ्या प्रत्येक लेखात सगळंच यावं, असा नियम तुम्ही कधीपासून केलात?

सोयीस्करपणे गाळलं म्हणता, तेव्हा मला खोटारडा म्हणताय, हे तुमच्या लक्षात आलं असेल अशी आशा आहे. आजवर तुमची एकही प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, हीसुद्धा उडवणार नाही. मुद्दा मांडायचा तर खाली जागा आहे. ‘पुळका’ तेवढा आधी मागे घ्या.