कोल्हापूरचा शेतकरी बदलत नाही, हे खरं नाही

‘कोल्हापूरच्या शेतकऱ्याला कसला आलाय हवामान बदल? पूर पूर्वीपासून येतोय. पाणी मुबलक, ऊस लावायचा नि झोपायचं. बुडाला तर भरपाई आहेच. पीक मात्र बदलायचं नाही.’ अशा आशयाचा मजकूर पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. आपलीच माणसं तो पुढं पाठवतात, म्हणून एकेक मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं.

पूर पूर्वीपासून येतो, हे कबूल. बिघडलंय ते पावसाचं वेळापत्रक. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, दर अंशाला साधारण 7 टक्के. मग पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो. 2019 ला मान्सून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पोचला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर. दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पुन्हा महापूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. दोन्ही वेळा पंचगंगा 55 फुटांच्या पुढं गेली. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. 2025 ला पाऊस मे महिन्यातच सुरू झाला. आजरा, चंदगड, भुदरगडकडं रोहिणीच्या तोंडावर कोरड्या मातीत भात पेरतात, त्याला धूळवाफ म्हणतात. मे भिजत गेला तर धूळवाफ कुठून साधणार? मग तरवा टाकायचा, म्हणजे आधी रोपं तयार करायची, चिखल करायचा, रोप लावायचं. मजुरी नि दिवस दोन्ही वाढतात. ज्याला हे दर साली नव्यानं जमवावं लागतं, त्याला ‘हवामानाशी काय देणंघेणं’ असं विचारणं अन्यायाचं आहे.

‘ऊस लावायचा नि झोपायचं’ म्हणणाऱ्यानं पूर ओसरल्यावर एकदा मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या, रानात जावं. पाणी शेंड्यावरून गेलं की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ बसतो, सुरळी कुजते, उसाची वाढ तिथंच थांबते. मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, येतात, पेऱ्यांना मुळ्या सुटतात, वजन नि साखर दोन्ही उतरतात. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर मात्र ऊस बराच तग धरतो. हे ओळखूनच माणसं लागण, म्हणजे ऊस लावायची वेळ, ठरवतात. गेल्या जुलैतला आडसाली ऊस या ऑगस्टात वर्षाचा होऊन उंच गेलेला असतो; जानेवारीत लावलेला ‘सुरू’ ऊस त्यामानानं ठेंगणा, तो आधी बुडतो. पुराच्या पट्ट्यात जुलैत नवी लागण करणं म्हणजे बियाणं नदीला देणं, म्हणून काहीजण पूर उतरेपर्यंत थांबतात आणि कांडीऐवजी ट्रेमधली तयार रोपं लावून गेलेले दिवस भरून काढतात. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट (वाळलेला पाला) न जाळता सरीत दाबणं, सरी रुंद करणं, ठिबक बसवणं, हेही वाढतंय. याला झोपणं म्हणत नाहीत.

या मजकुरातली एक गोष्ट मला पटते. पाटानं बेसुमार पाणी देऊन आपण शिरोळकडची कितीतरी रानं क्षारपड, म्हणजे मीठ फुटून नापीक, केली. पण तिथंही गोष्ट थांबलेली नाही. दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारं पाणी बाहेर काढलं आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आणली. एकट्याच्या रानात पाइप घालून हे होत नाही, कारण पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून नाल्याला न्यावं लागतं. एकमेकांशी न बोलणारे भाऊबंदही त्यासाठी एकत्र बसवावे लागतात.

आता पीक बदलण्याचं. बदलून लावायचं काय? सोयाबीन चार-पाच दिवस पाण्यात राहिलं की संपलं. शिवाय उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आहे, ती कायद्यानं द्यावीच लागते. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेत सुरू झालं नाही तर व्यापारी देईल तो दर. भरवशाचं काहीच नसताना त्यातल्या त्यात भरवशाचं पीक धरणं, हाच त्या शेतकऱ्यानं हवामानाला दिलेला जबाब आहे. ऊस कमी व्हावा असं मलाही वाटतं. त्यासाठी नाचणी, भुईमूग, आजऱ्याचा घनसाळ भात यांना दर मिळाला पाहिजे. उपदेशानं ऊस कमी होणार नाही.

राहिली भरपाई. केंद्राच्या 2022 च्या निकषांत बागायती पिकाला हेक्टरी 17,000 रुपये ठरले होते, तेही 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर. म्हणजे एकरी सुमारे 6,800. एकरी 40 टन उतारा आणि टनाला 3,000 रुपये धरले, तर त्याच एकरातून 1,20,000 यायला हवे होते. पीक विम्याचं म्हणाल, तर आपल्या राज्यात त्या यादीत ऊसच नाही. गावच्या सोसायटीचं पीककर्ज मात्र पूर आला म्हणून आपोआप माफ होत नाही.