अभ्याची इम्युनिटी आणि दिग्याची नागीण

रविवारी सकाळी धायरी फाट्याच्या अलीकडे आमचा कट्टा भरतो, म्हणजे एक चहाची टपरी, समोर फुटका कठडा आणि त्याच्यावर आम्ही चार टाळकी. या रविवारी अभ्या उशिरा आला आणि शिंकतच आला. आता शिंकणं काही गुन्हा नाही, सध्या अर्धा सिंहगड रोड शिंकतोय, पण अभ्या गेली तीन वर्षं आमच्या गळ्यात कसलासा जांभळा रस मारायला बघतोय, 'इम्युनिटी बूस्टर', बाटली अठराशेला, त्यामुळे त्याची शिंक म्हणजे आमच्यासाठी दिवाळीच.

"काय रे, बाटली संपली का?" दिग्या.

"ही डिटॉक्सची शिंक आहे. आतलं बाहेर पडतंय." (हे तो खरंच म्हणाला, मी पदरचं काही घालत नाहीये.) "आणि उगाच रिस्क नको म्हणून सकाळी एक अझिथ्रो पण टाकलीये, अँटिबायोटिक."

इथे वृषालीने कप खाली ठेवला. ती वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचेच्या बशीत जंतू वाढवतेय. तिने कप खाली ठेवला की आम्ही गप्प बसतो. अभ्या सोडून.

"कुठून आणलीस?"

"घरात होती. मागच्या वेळची उरलेली."

"म्हणजे मागच्या वेळीही स्वतःच्या मनाने घेतलीस आणि स्वतःच्या मनाने सोडलीस. अरे बैला, सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूची. जिवाणूचा स्वतंत्र संसार असतो, त्याची प्रोटीनं तो स्वतः बनवतो, अझिथ्रो तो कारखाना बंद पाडते. विषाणूकडे कारखानाच नाही तर बंद काय पाडणार, कपाळ? मरतात ते तुझ्या पोटातले गरीब सज्जन जिवाणू, आणि जे मरत नाहीत ते गोळीला दाद न देणारे, मग मोकळ्या जागेत त्यांचंच पीक. तेच पुढे माझ्या बशीत येतात आणि एकेक औषध लावून बघितलं तरी ढिम्म हलत नाहीत."

"आमचे बाबा एच.ए.त होते," दिग्याने सुरू केलं. हे तो दर रविवारी सांगतो. पिंपरीची कंपनी, १९५४ ची, सरकारचा पेनिसिलीनचा कारखाना, कॉलनीतली झाडं, सगळं. "बाबा म्हणायचे, पेनिसिलीन जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही, मग तो फुटतो."

"बघ. काकांना जे शिफ्ट करून कळलं होतं ते याला हातात फोन असून कळत नाही."

"मग विषाणू वाढतो कसा, कारखाना नाही तर?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं, दहावीनंतर मी कॉमर्सला पळालो.

"तू अभ्याला बघितलंयस ना एफवायला? माझं जर्नल घेऊन गेला, माझ्याच घरी बसून, माझ्याच पेनाने, माझ्या आईचे पोहे खात उतरवलं. तो विषाणू. आपल्या पेशीत शिरायचं आणि आपल्याच मालावर स्वतःच्या कॉप्या काढायच्या. आणि उतरवताना चुकतो, फ्लूचा तर फारच चुकतो, म्हणून दर वर्षी जरा वेगळा चेहरा घेऊन येतो आणि लस पण बदलावी लागते."

"मी कुठे चुकलो होतो?"

"अमीबाला शेपटी काढली होतीस. आणि सरांनी मार्क माझे कापले, म्हणे एकीने दुसऱ्याचं बघितलंय. मी विसरलेले नाही."

हे प्रकरण आम्ही किमान पन्नास वेळा ऐकलंय, पण अमीबाची शेपटी दर वेळी हसवते.

अभ्या असल्याने खचत नाही. त्याने ट्रॅकसूटची चेन वर ओढली (हा माणूस पळताना कुणी बघितलेला नाही) आणि मूळ पदावर आला. म्हणे, इम्युनिटी स्ट्राँग असली की गोळ्या लागतच नाहीत, जुनी माणसं बघा, कुठली लस आणि कुठली अँटिबायोटिक, तरी ठणठणीत.

"जुनी माणसं?" वृषाली. "१८९७ ला याच पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता त्यातच गेल्या. त्यांची इम्युनिटी कमी पडली, रस प्यायला हवा होता, असं म्हणायचंय का तुला?"

अभ्याने क्रीमरोलकडे लक्ष दिलं.

"आणि बूस्ट बूस्ट काय लावलंय? सिंहगड रोडवर राहतोस ना तू? जानेवारी २०२५ विसरलास?"

ते कोण विसरतंय. जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकदच जाते तो आजार. पाणी उकळून गॅस सिलेंडर संपले होते, पायाला मुंगी चावली तरी माणूस घाबरायचा. आमच्या सोसायटीच्या चेअरमनने तेव्हाही क्लोरीनच्या गोळ्यांसाठी तीन कोटेशनं मागवली होती, ती अजून येतायत.

"तेव्हा बऱ्याच जणांची आधी पोटं बिघडली होती. काहींच्यात कॅम्पायलोबॅक्टर सापडला, पोटातलाच जिवाणू. शरीराने त्याच्यावर अँटिबॉडी बनवल्या, चोख बनवल्या. घोळ काय, त्या जिवाणूच्या अंगावरच्या साखरेची नक्षी आणि आपल्या नसांवरची नक्षी जवळपास सारखी. अँटिबॉडी जिवाणूवर गेल्या आणि मग नसांवरही गेल्या. पाय गेले, हात गेले, काही लोक व्हेंटिलेटरवर. म्हणजे जिवाणूने नाही, आपल्याच इम्युनिटीने मारलं. तिला अजून बूस्ट करतोस?"

कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "टोइंगवाले बघ. रस्ता अडला म्हणून तू टोइंगच्या गाड्या दुप्पट केल्यास. रस्ता मोकळा होईल, का सम-विषम तारीख न बघता तुझीच ॲक्टिव्हा उचलतील?"

"माझी उचललीच होती," दिग्या कळवळून. "पी-वन पी-टूची पाटी झाडामागे होती!" आणि मग दहा मिनिटं ती ॲक्टिव्हा, ती पावती, ते पैसे, ते मी इथे लिहीत नाही.

अभ्याने तेवढ्यात नवीन काडी टाकली, की जीबीएस लाखात एखादा, साध्या आजाराचं बोल, डेंगी एकदा होऊन गेला की इम्युनिटी आलीच ना? तर वृषाली म्हणे, आली, पण त्याच प्रकाराची. डेंगीचे प्रकार चार. दुसऱ्यांदा वेगळा आला तर जुन्या अर्धवट जुळणाऱ्या अँटिबॉडी त्याला अडवायच्या ऐवजी पेशीत शिरायला हात देऊ शकतात, म्हणून दुसरा डेंगी जास्त घातक ठरू शकतो. हे ऐकून मीच गार पडलो, माझा एक झालाय. घरी जाऊन आधी कुंड्यांखालच्या ताटल्या ओतल्या.

आता दिग्या मघापासून गप्प होता, टोइंग सोडून. मग हळूच म्हणाला, "ए वृषे, मग मला मागच्या वर्षी नागीण कशी झाली? मी तर कुणाकडून घेतली नाही."

"घेतलीस की, तिसरी-चौथीत. कांजिण्या झाल्या होत्या ना? तोच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही, मणक्याजवळ नसांच्या मुळाशी दडून बसतो. तुझ्या पेशी त्याला चाळीस वर्षं दाबून ठेवतात. वयाने पहारा ढिला पडला की एखाद्या नसेवरून बाहेर. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो, मधली रेघ सहसा ओलांडत नाही."

"ओलांडत नाही? म्हणजे तोंडाला शेपूट लागलं की माणूस खलास, ते?"

"कुणी सांगितलं हे?"

दिग्याने नुसतं अभ्याकडे बघितलं.

"पन्नाशीनंतर त्याची लस पण मिळते," वृषाली म्हणाली, त्यावर आम्ही तिघेही एकदम 'मला अजून वेळ आहे' म्हणालो आणि ती म्हणाली, अभ्या, तू अकरावी दोनदा केलीस, तुझा पहिला नंबर. पण दिग्याचं लक्ष नव्हतं. तो कुठेतरी लांब बघत होता.

"मी मोजत होतो रे," तो म्हणाला.

"काय?"

"तोंड आणि शेपूट. रोज रात्री. बायकोची शिवणाची टेप घेऊन. तिला पाठीमागनं धरायला लावायचो. डायरीत लिहिलंय. सोमवार, साडेअकरा इंच बाकी. मंगळवार, अकरा. बुधवारी एकदम पावणेबारा आलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी कट्ट्यावर पेढे वाटले."

"ते पेढे?" अभ्या उठून उभाच राहिला. "अरे, तू तर म्हणालास पोरीला सीओईपीला ॲडमिशन मिळाली म्हणून! मी तिला पेन दिलं!"

"तिची बारावी या वर्षी आहे."