दात्याच्या शिरेने बायपास : खुलासा
‘आता बायपाससाठी पायाची शीर काढत नाहीत, मृत दात्याची साठवलेली शीर बसवतात’ असा संदेश जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. बायपास म्हणजे हृदयाच्या अडलेल्या धमनीला वळसा घालून रक्तासाठी नवी वाट जोडणे; त्यासाठी सहसा रुग्णाचीच दुसरी रक्तवाहिनी वापरतात. अतिथंड तापमानात गोठवून जपलेल्या अशा शिरा असतात हे खरे, परंतु ज्यांच्या पायाच्या शिरा व्हेरिकोजमुळे (शिरा फुगून वेड्यावाकड्या होण्याच्या विकारामुळे) किंवा आधीच्या बायपासमध्ये काढल्या गेल्या आहेत आणि ज्यांच्या छातीतील व हातातील धमन्याही पुरेशा नाहीत, अशा मोजक्या रुग्णांतच नाइलाज म्हणून त्यांचा विचार होतो. शरीर परक्या ऊतीला विरोध करते, त्यामुळे त्या अनेकदा वर्षभरातच बंद पडतात. उलट छातीतील स्वतःची धमनी बहुतेकांत १० वर्षांनंतरही वाहती राहते. पायाची शीर काढताना घोट्यापासून वर जाणाऱ्या टाक्यांची धास्ती समजण्यासारखी आहे, पण या संदेशाच्या भरवशावर ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.