खुलासा : विमानाच्या कनेक्टरला पॉलिश पेपर लावू नका

‘पिनवर हिरवट डाग दिसला की बारीक पॉलिश पेपर मारा, वर गंज सोडवणारा कुठलाही स्प्रे उडवा’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. (कनेक्टर म्हणजे विजेच्या वायरी जोडणारा सांधा, पिन म्हणजे त्यातली धातूची टोकं.) तो चुकीचा आहे, विमानासाठी तर धोक्याचाच.

पिनवरचा सोन्याचा मुलामा साधारण सव्वा मायक्रॉन जाड असतो. पेपरच्या दोन-चार हातांत तो निघतो, खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं. मग हिरवा थर पूर्वीपेक्षा लवकर येतो.

आधी वीज बंद, बॅटरी सोडवलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिन धुवा; पूर्ण वाळू द्या, कारण त्याची वाफ पेट घेते. खड्डे पडलेली पिन घासत बसू नका, बदला. कनेक्टरच्या कॅडमियमचा मुलामा दिलेल्या कवचावरची पांढरी भुकटी विषारी असते. हातमोजे घाला, हवेने उडवू नका.

गंजरोधक मिल-पीआरएफ-८१३०९ (अमेरिकी लष्करी मानक) टाइप ३ चाच, पातळ थरात; टाइप २ विद्युत जोडांसाठी नाही. अर्थात विमानाच्या मॅन्युअलचा शब्द अखेरचा.

पाणी अनेकदा कनेक्टरच्या वायर नसलेल्या रिकाम्या छिद्रांतून शिरतं. तिथे सीलिंग प्लग, म्हणजे छिद्र बंद करणारं बूच, हवंच. वायरही कनेक्टरच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब झोळातून गळून पडतो.